वाक्य संपेपर्यंत ऐक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-टू पातळीचा तुझा निकाल कळला, मनापासून अभिनंदन. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार ऐरोलीहून ठाण्याला क्लासला येऊन तू हे साधलंस, याचं मला फार कौतुक आहे. पण तुझ्या पत्रात आनंदापेक्षा खंतच जास्त दिसली. जपानहून आलेल्या पाहुण्यांचं व्याख्यान ऐकायला गेलीस, सुरुवातीची काही मिनिटं छान समजलं, मग धागा सुटला तो सुटलाच. आणि लगेच पुढे लिहिलंस की सिनेमे बघून आणि पुस्तकं वाचून व्हायचं ते झालं, आता जपानला गेल्याशिवाय काही खरं नाही.

जपानला जरूर जा. मात्र त्या व्याख्यानात धागा का सुटला, ते जाण्याआधी इथेच समजून घे. नाहीतर तिकडच्या वर्गातही तो तसाच सुटेल, आणि तिथे त्या प्रत्येक तासाचे पैसे तुझ्या वडिलांनी भरलेले असतील.

आधी परीक्षेचं बघू. जेएलपीटीच्या 180 गुणांपैकी ऐकण्याला 60. एन-टूला एकूण 90 आणि प्रत्येक विभागात किमान 19 मिळाले की उत्तीर्ण. म्हणजे शब्दसंग्रह आणि वाचन पक्कं असलं की ऐकण्यात काठावर राहिलेलाही पार होतो. बोलणं तर त्या परीक्षेत नाहीच. परीक्षेला मी नावं ठेवत नाही, जे मोजायचं ते ती नीट मोजते. पण तिथले संवाद छोटे असतात आणि काय शोधायचं हे बरेचदा आधीच सांगितलेलं असतं. व्याख्यानात बसल्यावर काय शोधायचं हे कुणी कानात येऊन सांगत नाही.

आता सिनेमे. तू इंग्रजी सबटायटल लावून बघतेस असं लिहिलं आहेस. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. जपानी वाक्य आपल्या मराठीसारखं चालतं. क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. 'मी काल स्टेशनवर त्याला पैसे दिले नाहीत' या वाक्यात 'नाहीत' कानावर पडेपर्यंत पैसे दिले की नाही ते कळत नाही, आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण जन्मापासून आपण तसंच ऐकत आलो. इंग्रजीत नकार आणि क्रियापद कर्त्याला चिकटून येतात. पडद्यावर ती ओळ झळकते तेव्हा पात्राचं वाक्य अर्ध्यावर असतं आणि तुला निकाल कळलेला असतो. उरलेल्या अर्ध्या वाक्यात कानाला काही काम उरत नाही. असे शेकडो तास गेले की अर्ध्यावर सोडून द्यायची सवय कानाला लागते. व्याख्यान देणाऱ्या माणसाच्या पायाशी ओळी उमटत नसतात. तुझा धागा तिथेच सुटला.

म्हणून महिनाभर सबटायटल पूर्ण बंद ठेव, फार तर जपानी ठेव. पहिले दिवस जड जातील. एखादा दहा मिनिटांचा तुकडा घे आणि तोच पुन्हा पुन्हा ऐक, अख्खा सिनेमा संपवायची घाई नको. मनात अर्थ लावायचा झाला तर मराठीत लाव. आपली व्याकरणाची पुस्तकं इंग्रजीतून समजावतात म्हणून आपण जपानीकडे इंग्रजीच्या दारातून जातो, हा केवढा वळसा आहे! विभक्तीचे प्रत्यय नामामागून लावायची आपल्याला सवय आहे, जपानीतही तेच. 'पक्का', 'सत्तर' म्हणताना आपण व्यंजनावर जसे क्षणभर अडतो, तसंच जपानीत अडावं लागतं. त्सुनामीतला 'त्सु' परदेशी लोकांना घोटून घोटून शिकावा लागतो, आपण तो 'चूल' म्हणताना रोज उच्चारतो. मराठी माणसाला हे आयतं मिळालेलं आहे, ते वाया घालवू नकोस.

काय बघावं, हेही विचारलं आहेस. तलवारींचे सामुराईपट आनंदासाठी जरूर बघ, पण त्यातली भाषा जुनी आहे, ती तोंडात बसवू नकोस. अ‍ॅनिमेतलं बोलणंही जपून उचल. तिथला नायक स्वतःला ज्या गुर्मीत 'मी' म्हणवतो, तसं एखाद्या मुलीने ऑफिसात म्हटलं तर खोली गप्प होईल. बोलणं ऐकायला शिकायचं असेल तर दिग्दर्शक यासुजिरो ओझूकडे जा. त्याचा 1953 चा 'तोक्यो मोनोगातारी' ('तोक्योची गोष्ट') हा सिनेमा घे. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील तोक्योला मुलांकडे येतात. मुलं आपापल्या धबडग्यात, म्हणून त्या दोघांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी धाडून देतात. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या कठड्यावर बसतात आणि आता घरी परतावं असं बोलतात. मुलांनी आपल्याला वाटेला लावलं, हे कुणी म्हणत नाही. ते सगळं वाक्यांच्या शेपटांत आहे, मधल्या थांबण्यात आहे. ओझू कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली ठेवतो, आणि बोलणारं पात्र जवळजवळ थेट आपल्याकडे बघून बोलतं. त्यामुळे तू प्रेक्षक राहत नाहीस, ज्याला सांगितलं जातंय त्याच्या जागी जाऊन बसतेस. भाषेच्या विद्यार्थ्याला याहून चांगली जागा कुठली?

सिनेमाइतकंच राकुगोही, म्हणजे जपानी कथाकथनही, ऐक. मंचावर एक उशी, त्यावर गुडघे मोडून बसलेला एकच कलावंत, हातात पंखा आणि एक कापडी रुमाल. मान एका बाजूला वळवली की मालक, दुसरीकडे वळवली की नोकर. आवाजापेक्षाही वाक्याचा शेवट बदलतो. मालक क्रियापद उघडं टाकतो, नोकर त्याला आदराचं अस्तर लावतो. व्याकरणात तू 'केइगो', म्हणजे आदरार्थी बोलणं, तक्त्यांत पाठ केलास, इथे तो माणसांच्या तोंडी जिवंत भेटतो. गोष्ट समजली नाही तरी पहिल्या ऐकण्यात एवढंच ओळख: आता कोण बोलतंय आणि समोरच्याहून वरचा आहे की खालचा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, तिथे येते. जपानी माणूस बोलत असताना ऐकणाऱ्याला गप्प राहून चालत नाही. लहानपणी आजीच्या गोष्टीला हुंकार द्यावा लागायचा, नाहीतर गोष्ट थांबायची, तसंच हे आहे. वाक्य तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकतं आणि प्रत्येक तुकड्यावर ऐकणारा हलकेच प्रतिसाद देतो. याला तिकडे 'आइझुची' म्हणतात. फोनवर तू काही क्षण शांत राहिलीस तर पलीकडचा माणूस लाइन तुटली का म्हणून विचारेल. मी दुभाषी म्हणून बैठकांना बसत असे, तेव्हा आपल्याकडच्या मंडळींचा हमखास एक गैरसमज व्हायचा. समोरचे जपानी गृहस्थ मान हलवून 'हाइ, हाइ' म्हणत, आणि आपले लोक बाहेर येऊन म्हणत, काम झालं. ते 'हाइ' फक्त एवढंच सांगत होतं की तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचतंय. होकार-नकार पुढे होता, बहुतेक वेळा एका अर्धवट सोडलेल्या वाक्यात. जपानी लोक नकार देताना बरेचदा वाक्य पूर्ण करत नाहीत, शेवट हवेत सोडतात. आपणही लग्नाच्या बोलण्यांत 'बघू, कळवतो' म्हणतो आणि समजणारा समजतो. तेव्हा वाक्य संपेपर्यंत ऐक, आणि संपलं नाही तर का संपलं नाही तेही ऐक. दुभाष्याचं अर्धं काम हेच आहे.

या कामाची गरज तुझ्या दारात आली आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले सुमारे 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. शिनकानसेनचं, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचं, तंत्र आणि जपानचं कर्ज असलेला हा प्रकल्प. अशा कामांत कागदपत्रं भाषांतर करणारे मिळतात, पण बैठकीत बसून न बोललेलं ऐकणारे फार थोडे. तू त्यातली एक व्हावीस असं मला मनापासून वाटतं.

व्याख्यानं ऐकायची सवय मराठीतही लाव. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, तिथे पुढच्या वर्षी जाऊन बस. भाषण चालू असताना वही बंद ठेव. घरी जाताना गाडीत, वक्त्याने कुठला मुद्दा मांडला, कुठे वळण घेतलं, ते जपानीत स्वतःशी सांगून बघ. सांगताना अडशील, आणि कुठे अडलीस तेच तुझ्या पुढच्या आठवड्याच्या अभ्यासाचं काम. ऑफिससाठी वाशीला जातेस तेव्हा ट्रान्स-हार्बरच्या डब्यात कानात बातम्या लावतेस, ते चालू दे. पण बातम्या लिहून वाचलेल्या असतात. त्यांच्या जोडीला दोन माणसं अडखळत, एकमेकांना तोडत गप्पा मारतात असं काहीतरी रोज ऐक.

आता प्रत्यक्ष जाण्याचं. या एप्रिलचा विचार सोड. जपानमधल्या भाषाशाळा एप्रिलच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटीशेवटी घेतात, कारण व्हिसाआधी तिथून पात्रतेचं प्रमाणपत्र यावं लागतं आणि त्याला काही महिने जातात. ऑक्टोबर तुला जमू शकेल. 'मेक्स्ट'च्या, म्हणजे जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या, शिष्यवृत्तीबद्दल विचारलंस. जपानी भाषा आणि संस्कृतीची सुमारे वर्षभराची जी शिष्यवृत्ती आहे ती जपानी विषयात पदवी करत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते. तू बी.कॉम. झालीस, त्यामुळे ती तुला लागू नाही. पदवीनंतरची संशोधन-विद्यार्थ्यांची वेगळी आहे, पण तिथे अभ्यासाचा विषय आणि आराखडा द्यावा लागतो. मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडून यंदाचे नियम घे, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

काम करून खर्च भागवेन, असं लिहिलं आहेस. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं, मोठ्या सुट्टीत दिवसाला 8 तास. त्यावर राहणं-खाणं आणि फी, दोन्ही भागेल असं गृहीत धरून निघू नकोस. आणि दुकानाच्या गल्ल्यावर जी वाक्यं बोलायची असतात ती ठरलेली, पाठ केलेली असतात, दिवसभर तीच. शक्य असेल तर मोठं शहर टाळून मध्यम गाव निवड, जिथे शेजारी तुला ओळखतील आणि वाण्याशी दोन वाक्यं जास्त बोलावी लागतील.

तिथे लोक तुला तुझ्या गावाबद्दल विचारतील. तेव्हा 'मुंबईजवळ' एवढ्यावर थांबू नकोस. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली. जपानची पहिली रेल्वे, शिनबाशी ते योकोहामा, 1872 ची. रेल्वेवर जीव टाकणारी माणसं तिकडे गावोगावी आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला हे सांगून बघ, तास कसा जाईल कळणार नाही. आणि खाडी तर तुझ्या घरामागेच आहे. ठाणे खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. जपानात चिबा प्रांतात नाराशिनो शहरात यात्सु-हिगाता नावाची चिखलाची पाणथळ जागा आहे, चहूबाजूंनी घरं आणि रस्ते, आणि मध्ये भरती-ओहोटीचा चिखल. तीही रामसर यादीत आहे, 1993 पासून. तिथल्या माणसाला ऐरोलीच्या रोहित पक्ष्यांबद्दल सांग: ते कधी येतात, चोच उलटी करून चिखलपाण्यातलं खाणं कसं गाळतात, समोर विजेचे टॉवर आणि पूल कसे दिसतात. मग त्याला त्याच्या चिखलाबद्दल विचार आणि त्याला मध्ये न तोडता, हुंकार देत, पुरतं ऐकून घे. अशी एक संध्याकाळ वर्गातल्या महिन्याला भारी पडते.

सध्या फेब्रुवारी आहे, पक्षी खाडीत आहेत. या शनिवारी ओहोटीची वेळ बघून जा आणि परत आल्यावर त्यावर पाच मिनिटं जपानीत बोलून फोनवर रेकॉर्ड कर. कागद न बघता. मला पाठव.

रविवारी क्लास सुटल्यावर घंटाळीला माझ्याकडे ये. दोन-तीन शाळांची माहितीपत्रकं आण, फी आणि राहण्याचा खर्च येनमध्ये आणि रुपयांत, दोन्ही मांडून आण. आईलाही सोबत घेऊन ये. तुझ्या जाण्याबद्दल तिच्या मनात काय आहे ते तू पत्रात चार ओळींत लिहिलंस, मला ते तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
मॅडम