भाषेचे प्रश्नोत्तर : एका ‘बाय’चे अर्थ तरी किती?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘बाय’ या एकाच इंग्रजी शब्दाबद्दल होती, टाटा-बायबायवाला नाही, ‘बाय बस’, ‘बाय फ्रायडे’वाला. म्हणून हा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न : नमस्कार. मी पुण्यात आयटीत नवीनच लागलोय. क्लायंटने ‘बाय फ्रायडे’ फाइल मागितली होती, मी उत्तरात ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ असं लिहिलं तर टीम लीड म्हणाले हे चुकीचं आहे. दोन्हीचा अर्थ शुक्रवारपर्यंत असाच होतो ना? आणि शुक्रवार त्यात धरायचा की नाही?

उत्तर : तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे, कारण मराठीत ‘पर्यंत’ दोन्हीकडे चालतं. ‘शुक्रवारपर्यंत फाइल पाठव’ आणि ‘शुक्रवारपर्यंत इथेच थांब’, आपल्याला यात काहीच खटकत नाही, कारण पाठवणं एकदाच होतं आणि थांबणं चालू राहतं हे आपल्याला क्रियापदावरूनच कळतं. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही, तिथे शब्दच वेगळे लागतात. काम चालू राहून त्या वेळेला संपतं तिथे टिल किंवा अंटिल, आणि काम एकदाच व्हायचंय, फक्त त्या वेळेच्या पुढे जायला नको, तिथे बाय. त्यामुळे तुमचं वाक्य वाचणाऱ्याला असं वाटू शकतं की शुक्रवार येईपर्यंत तुम्ही तीच फाइल परत परत पाठवत राहणार आहात.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह’ म्हणजे मी उशिरात उशिरा पाचला ऑफिसात पोचलेला असेन. ‘आय विल बी इन द ऑफिस टिल फाइव्ह’ म्हणजे पाचला मी निघणार. एक आत येतोय, दुसरा बाहेर पडतोय, आणि साडेपाचला भेटायला आलेल्या माणसाला पहिला भेटेल, दुसरा नाही. सेंड, सबमिट, रीच, फिनिश अशा संपणाऱ्या कामांना बाय लावा, वेट, स्टे, वर्क अशा चालणाऱ्या कामांना टिल. एवढं सांभाळलंत तरी बहुतेक ठिकाणी चुकणार नाही.

शुक्रवार धरायचा. शुक्रवार नको असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ म्हणतात, म्हणजे उशिरात उशिरा गुरुवारी द्यायचं. पण शुक्रवारी कितीला, आणि तो त्यांचा शुक्रवार की आपला, हे मात्र मेलमध्येच विचारून घ्या, कारण आपला शुक्रवार संपतो तेव्हा अमेरिकेत अजून दिवस बाकी असतो. करारनाम्यात वाद नकोत म्हणून ‘ऑन ऑर बिफोर’ किंवा ‘नो लेटर दॅन’ लिहितात, या अर्थापुरते हे बायचे खरे समानार्थी.

जाता जाता एक. ‘बाय नाऊ’चं मराठी करताना सगळे ‘आतापर्यंत’ लिहितात, पण ‘दे मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ’ याला आपल्याकडे किती नेमका शब्द आहे बघा, ‘एव्हाना ते पोचले असतील’. एव्हाना हल्ली ऐकूच येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. वापरा तो.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, शाळेत ‘बाय’चे समानार्थी शब्द लिहून आणायला सांगितलेत. आम्हाला निअर, बिसाइड, थ्रू, व्हाया, पर, बिफोर, अकॉर्डिंग टु एवढे सापडले. यातला कुठलाही कुठेही चालतो का? (नागपूरहून एक आई)

उत्तर : नाही ताई, आणि म्हणूनच नुसती यादी पाठ करण्यात अर्थ नाही. समानार्थी शब्द बायचा नसतो, त्या वाक्यातल्या बायचा असतो. मुलीला एकच सवय लावा, बायच्या पुढे काय आलंय ते बघायचं.

पुढे जागा आली तर निअर किंवा बिसाइड चालेल, पण त्यातही फरक आहे. ‘अ हाउस बाय द सी’ म्हणजे समुद्राला लागून, काठावरचं घर, तर ‘निअर द सी’ म्हटलं की समुद्र एखाद किलोमीटर लांब असला तरी ते खोटं ठरत नाही (फ्लॅटच्या जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवा). पुढे वाहन आलं, बाय बस, बाय ट्रेन, तर मध्ये द, माय वगैरे काही येत नाही, ते आलं की बाय जाऊन ‘इन माय कार’, ‘ऑन द बस’ असं होतं. आणि आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ‘बाय वॉक आलो’ इंग्रजीत नाहीच, ‘ऑन फूट’ म्हणा नाहीतर सरळ ‘आय वॉक्ड’.

पुढे माप आलं की मजा येते. ‘सोल्ड बाय द डझन’ म्हणजे आंबे डझनावर विकतात, आणि ‘पर डझन’ म्हणजे डझनाला अमुक रुपये. यादीत बाय आणि पर एका ओळीत दिसतात, पण आपल्या बाजारातला माणूस डझनावर आणि डझनाला यात कधीच गल्लत करत नाही, तोच फरक मुलीला दाखवा. बाकी ‘जजिंग बाय हिज फेस’ म्हणजे चेहऱ्यावरून, ‘अ डॉक्टर बाय प्रोफेशन’ म्हणजे पेशाने डॉक्टर, ‘बाय द हँड’ म्हणजे हाताला धरून, ‘बाय मिस्टेक’ म्हणजे चुकून, ‘वन बाय वन’ म्हणजे एकेक करून, ‘डे बाय डे’ म्हणजे दिवसेंदिवस. यातल्या निम्म्यांना इंग्रजीत धड समानार्थी शब्दच नाही आणि मुलीने वहीत तसं लिहिलं तरी काही हरकत नाही. मी तर म्हणेन यादीऐवजी आठ वाक्यं लिहू दे, शेजारी मराठी, आणि जिथे दुसरा शब्द खरंच बसतो तिथेच तो लिहायचा.

प्रश्न : मी बातम्यांचे अनुवाद करते. आकड्यांच्या बातमीत बाय आणि टु मध्ये गडबड होते, आणि माझ्या मराठीत ‘द्वारा’ फार येतं असं सांगतात. काय करू?

उत्तर : आकड्यांचं आधी, कारण तिथली चूक वाचकाला महागात पडते. २०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा केला. इंग्रजीत तो ‘बाय’ पाव टक्का उतरला आणि ‘टु’ सव्वासहा टक्के आला. मराठीत पाव टक्क्याने उतरला, सव्वासहा टक्क्यांवर आला. बाय म्हणजे किती फरक पडला तो, त्याला ‘ने’, आणि टु म्हणजे कुठे येऊन थांबला ते, त्याला ‘वर’. हे उलटं झालं तर दर थेट पाव टक्क्यावर येऊन बसतो!

आता द्वारा. ‘द थीफ वॉज अरेस्टेड बाय द पोलीस’ याचं ‘पोलिसांद्वारे चोराला अटक करण्यात आली’ कशाला करायचं? ‘पोलिसांनी चोराला पकडलं’, झालं. आपल्या ‘ने’ आणि ‘नी’मध्ये कर्ता आपोआप येतो, त्यासाठी वाक्य उलटं टांगायची गरज नाही. कुणाच्या वतीने असेल तर तर्फे, कुणाला मध्ये घालून केलं असेल तर मार्फत, करवून घेतलं असेल तर कडून, इतके चांगले शब्द असताना सगळीकडे द्वारा ठोकून देणं मला तरी पटत नाही.

मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र उलटा धोका असतो. ‘रवीने दगडाने काच फोडली’ यात दोन्हीकडे ‘ने’ आहे, पण इंग्रजीत करणारा बाय घेतो आणि हातातली वस्तू विथ घेते, बाय रवी, विथ अ स्टोन. वादळात दगड आपोआप येऊन आदळला तर मात्र बाय अ स्टोन, कारण तेव्हा करणारा तोच.

प्रश्न : एका शब्दाला एवढे अर्थ आले कुठून? आणि आमच्या सोसायटीच्या बायलॉजमधला बाय हाच का? (एक निवृत्त वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काका, मूळ अर्थ जवळ, बाजूला असा. जुन्या इंग्रजीत तो होता आणि जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘बाय’ अजून मुख्यतः तोच अर्थ सांभाळून आहे. बायस्टँडर म्हणजे बाजूला उभा असलेला, बायपास म्हणजे बाजूने जाणारा रस्ता, यात तो आजही दिसतो. बाजूने जाणं, त्या वाटेने जाणं, मग त्या साधनाने आणि त्या माणसाकडून, असा तो सरकत गेला. कर्त्यासाठी बाय हे पक्कं व्हायला मात्र खूप वेळ लागला, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूचा बाप्तिस्मा योहानाकडून (इंग्रजीत जॉन) झाला हे सांगताना ‘ऑफ जॉन’ असं छापलंय, आज तिथे बायच येईल. ‘बाय अँड लार्ज’ हा वाक्प्रचार तर शिडाच्या जहाजांवरचा, वाऱ्याला शक्य तितकं सामोरं जाणं आणि वारा पाठीशी घेऊन जाणं, दोन्ही मिळून ‘एकंदरीत’. आपल्याकडे टू बाय टूची बस, दहा बाय बाराची खोली आणि हॉटेलातलं वन बाय टू सूप इतकं रुळलंय की तो शब्द आता आपलाच झालाय.

बायलॉजमधला बाय मात्र बहुधा वेगळा. डेन्मार्क-नॉर्वेकडून इंग्लंडात आलेल्या लोकांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती, गाव. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या शेवटी तो अजून टिकून आहे, आणि बायलॉ म्हणजे मुळात गावापुरता कायदा असं अभ्यासक मानतात. मराठीत आपण त्याला उपविधी म्हणतो.