कार्लसनांची धुरी

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना मिशिगन सरोवराकाठच्या लेलंड गावी ‘कार्लसन्स फिशरी’मधला धुरावलेला व्हाइटफिश खाल्ला. एकाच कुटुंबाने पाच पिढ्या हा धंदा कसा टिकवला? हा मासा आपल्या सुक्या बोंबलासारखा फ्रीजबाहेर टिकतो का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : विसाव्या शतकाच्या आरंभी कार्लसन मंडळी लेलंडला मासेमारी करू लागली, तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची भिस्त लेक ट्राउट आणि व्हाइटफिश या दोन माशांवर होती. पुढे नायगरा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याच्या वाटेने लॅम्प्रे हा माशाला चिकटून रक्त शोषणारा जलचर ‘ग्रेट लेक्स’ या सरोवरसमूहातल्या (मिशिगन त्यांतलेच एक) वरच्या सरोवरांत शिरला. १९३६ साली तो मिशिगन सरोवरात आढळला आणि बेसुमार मासेमारीचीही भर पडून १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथला लेक ट्राउट जवळजवळ संपला. त्यानंतर मिशिगन राज्याच्या सरकारने १९६६ साली सरोवरात सामन जातीचे मासे आणून सोडले, हौशी गळवाल्यांना झुकते माप दिले आणि व्यावसायिक परवाने कमी केले. मला हा दुसरा फटका अधिक जबर वाटतो, कारण नद्यांत औषध टाकून लॅम्प्रे तरी आटोक्यात आणता आला.

कार्लसन तगले ते, माझ्या मते, काठावरच्या लाकडी खोपटातून थेट गिऱ्हाइकाला विकत राहिल्यामुळे. साफ केलेला मासा मिठाच्या पाण्यात मुरवायचा, निथळून त्यावर चकचकीत पापुद्रा धरेपर्यंत वारा द्यायचा आणि मग मॅपलच्या लाकडाच्या धुरात कित्येक तास शिजू द्यायचा, एवढ्या खटाटोपानंतर तोच मासा ताज्यापेक्षा चढ्या भावाने जातो आणि मधल्या दलालाचेही काम उरत नाही. तरीही किनाऱ्यावरच्या जागेचे भाव चढतच गेले. अखेर २००७ साली कुटुंबाने तिथली जागा, खोपटी आणि ‘जॉय’ व ‘जॅनिस सू’ या दोन बोटी ‘फिशटाउन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ या संस्थेला विकल्या. दुकान मात्र चालू राहिले.

आता दुसरा प्रश्न. उन्हात कडकडीत वाळलेल्या बोंबलात पाण्याचा अंश फारसा राहत नाही, म्हणून तो डब्यात महिनोन्महिने टिकतो. हा मासा मात्र आतून ओलसर आणि बेताचा खारट असतो, त्यामुळे धुराच्या वासावर विसंबून तो बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. १९६३ साली ग्रेट लेक्समधल्या हवाबंद पाकिटातल्या धुरावलेल्या माशातून बोट्युलिझम ही जंतूंमुळे होणारी विषबाधा होऊन माणसे दगावली होती. हे जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात आणि त्यांच्या विषाने मासा नासल्यासारखा दिसेलच असे नाही. म्हणून पाकीट फोडलेले असो वा नसो, ते तीन अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे, काही दिवसांत संपवावे आणि विमानाने सामानात टाकून अलिबागेपर्यंत आणण्याचा मोह टाळावा.