कुंग फूचा जनक बोधिधर्म होता का?

भारतीय भिक्षू बोधिधर्माने शाओलिन मठात कुंग फू शिकवले आणि त्यातूनच सगळ्या चिनी युद्धकला जन्मल्या, हे कितपत खरे आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही कथा पुराव्यांवर टिकत नाही, आणि आपल्याकडे ती अभिमानाने सांगितली जाते म्हणून तर ती अधिक काटेकोरपणे तपासायला हवी.

बोधिधर्म चीनमध्ये पोहोचला तो पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी. त्याच्या सुमारे चारशे वर्षे आधी रचलेल्या हान राजवटीच्या इतिहासात जी ग्रंथसूची आहे, तिच्यात नि:शस्त्र झुंजीवरील सहा प्रकरणांची नोंद लष्करी कौशल्यांच्या वर्गात केलेली आढळते. शाओलिन मठही इ.स. ४९५ च्या सुमारास उभारला गेला तो बातुओ या दुसऱ्या भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माचा सर्वात जुना उल्लेख ५४७ च्या सुमाराचा असून, त्यात तो लोयांगमधील भव्य स्तूप पाहून भारावलेला एक वृद्ध भिक्षू आहे. झुंजीचा तिथे मागमूसही नाही.

शाओलिनचे भिक्षू लढले, हे मात्र निश्चित. इ.स. ६२१ मध्ये त्यांनी पुढे थांग सम्राट झालेल्या ली शिमिनची बाजू घेतली आणि त्याचा प्रतिस्पर्धी वांग शिचोंग याच्या पुतण्याला पकडून दिले. ७२८ च्या शिलालेखात त्यासाठी गौरवलेल्या तेरा भिक्षूंची नावे आहेत, परंतु त्यांच्या कोणत्याही खास युद्धपद्धतीचे वर्णन नाही. तशी वर्णने थेट मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४), सोळाव्या शतकापासून मिळू लागतात, आणि तेव्हा शाओलिनची ख्याती होती ती लाठीसाठी. इथे एक प्रसंग मला फार बोलका वाटतो: सेनापती यू दायौ मठात आला तेव्हा तेथील लाठीचे कसब लोप पावले आहे असे त्याला वाटले, म्हणून त्याने दोन भिक्षूंना बरोबर नेऊन स्वतः शिकवले. म्हणजे विद्या मठातून फक्त बाहेर जात नव्हती, सैन्यातून मठात येतही होती. त्याच काळातील सेनापती छी जिग्वांग याने अनेक प्रचलित पद्धतींतून निवडून मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे ग्रंथबद्ध केले. रणांगणावर त्यांचा फारसा उपयोग नसला तरी नव्या सैनिकाचे हातपाय तयार करण्यासाठी ते उत्तम, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे.

शाओलिनमध्ये मुष्टियुद्धाला महत्त्व आले ते मिंग काळाच्या शेवटी. त्याच सुमारास श्वसनाचे आणि आरोग्याचे जुने दाओपंथीय (चीनच्या ताओ परंपरेतील) व्यायामही त्यात मिसळू लागले. बोधिधर्माची कथा इथेच शिरते. १६२४ चा एक व्यायामग्रंथ, भारदस्त वाटावा म्हणून, त्याच्या नावावर खपवला गेला आणि पुढे त्यालाच युद्धकलेचाही जनक ठरवण्यात आले.

त्याआधी भिक्षू स्वतः काय मानत होते, हे मठातील १५१७ च्या शिलालेखावरून कळते. चौदाव्या शतकातील ‘लाल फेटेवाल्या’ बंडखोरांना लाठी घेऊन पिटाळून लावणाऱ्या दैवी रक्षकाची कथा त्यात आहे. तो रक्षक बोधिधर्म नसून, बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेला वज्रपाणी आहे.