वाचकांचे प्रश्न : युरोपात विमानांचे नियम एकसारखे कसे?

प्रश्न : गोव्याहून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर येणारं एटीआर ७२ विमान फ्रान्समध्ये जोडलं जातं. युरोपात इतके देश असूनही विमानांचे नियम एकच कसे? आणि ते सोलापुरात चालतात का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पूर्वी ते एक नव्हतेच. 'जेएए' या संघटनेत देशोदेशींचे अधिकारी मिळून मसुदा ठरवत, पण त्याला कायद्याचं बळ नव्हतं. प्रत्येक देश तो सवडीने, हवे ते फेरफार करून आपल्या कायद्यात घेई. हे थांबवायला २००२ च्या कायद्याने 'इयासा' ही युरोपीय संघाची विमान सुरक्षा संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय जर्मनीत कोलोनला आहे. युरोपीय संघाचे २७ आणि नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन असे ३१ देश तिच्या कक्षेत येतात. सध्याचा मूळ कायदा २०१८ चा आहे.

नवा नियम हवा असला की इयासा आधी कामाची व्याप्ती ठरवते आणि मग मसुदा जाहीर करते. हरकतींना साधारण तीन महिने मिळतात. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण 'आम्हाला मान्य नाही' एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. कलम क्रमांक, अडचण, कारण आणि पर्यायी शब्दरचना दिली तरच मसुदा हलतो. इयासा हरकतींना लेखी उत्तरं देते आणि आपलं मत युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, धाडते. बहुतेक तांत्रिक नियमांवर तिथे देशांच्या प्रतिनिधींची समिती मतदान करते. किमान ५५ टक्के देश बाजूने हवेत आणि त्या देशांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या असायला हवी. संघाबाहेरच्या चौघांना इथे मत नाही, नियम मात्र पाळावाच लागतो. राजपत्रात छापल्यावर ठरलेल्या तारखेपासून तो संघातल्या सगळ्या देशांत थेट कायदा होतो. कुठल्याही संसदेने तो पुन्हा मंजूर करायचा नसतो. सगळं बळ याच तरतुदीत आहे.

गोंधळ होतो तो खालच्या थरात. नियम पाळण्याच्या मान्य पद्धती, म्हणजे 'एएमसी', इयासा स्वतः काढते. त्या बंधनकारक नसतात. तितकीच सुरक्षितता सिद्ध करून कंपनी दुसरी पद्धत मंजूर करून घेऊ शकते. पण परवाने आणि बरीचशी तपासणी त्या त्या देशाच्या यंत्रणेकडे असल्याने एकाच नियमाचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा लावला जातो. म्हणून इयासा त्या यंत्रणांचीही तपासणी करते. माझ्या मते हे काम मसुदा लिहिण्याइतकंच मोलाचं आहे.

आता सोलापूर. भारतात नोंदलेल्या विमानाचं उड्डाण, वैमानिक आणि देखभाल यांवर हुकूम आपल्या डीजीसीएचाच, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचाच. मात्र एटीआरच्या रचनेचं प्रमाणपत्र इयासाकडे आहे. एखाद्या भागात दोष आढळला की दुरुस्तीचा सक्तीचा आदेश तिथून निघतो, आणि डीजीसीएच्या नियमांनुसार तो इथल्या विमानांनाही बंधनकारक असतो. दिलेल्या मुदतीत काम झालं नाही, तर ते झाल्याची नोंद होईपर्यंत विमान उडवता येत नाही.