वाढीचा दर कशावर काढावा?

प्रश्न : संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी कोविडच्या दुसऱ्या लाटेतील महाराष्ट्राची जिल्हावार दैनंदिन आकडेवारी तपासत आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत रुग्ण दुपटीचा कालावधी पाचशे दिवसांहून अधिक असल्याचे जाहीर होत होते. पण दोनच महिन्यांत रोजच्या रुग्णसंख्येने उच्चांक गाठला. तेव्हा गणित चुकले होते की आकडे? आणि जिल्ह्यांची आपसांत तुलना करायची, तर कोणता दर घ्यावा? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : गणितही बरोबर होते आणि आकडेही, दर कशावर काढला, यातच गोम आहे. जाहीर होणारा दर तोवरच्या एकूण बाधितांवर काढलेला असे. त्या वेळी मुंबईतील एकूण बाधित तीन लाखांच्या पुढे गेले होते आणि रोज साधारण चारशे नवे रुग्ण सापडत होते. म्हणजे दैनंदिन वाढ सुमारे ०.१३ टक्के, आणि त्या गतीने दुपटीला पाचशेहून अधिक दिवस. मात्र त्या तीन लाखांतील बहुतेक जण केव्हाच बरे झालेले असल्याने चालू संसर्गाशी त्या भाजकाचा फारसा संबंध उरला नव्हता. साथ जितकी जुनी तितका हा भाजक फुगतो. त्यामुळे रोजचे रुग्ण दुप्पट झाले तरी ०.१३ चे ०.२६ होतात, आणि वर्तमानपत्र चाळणाऱ्याला दोन्ही आकडे सारखेच नगण्य वाटतात. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत ११,१६३ नवे रुग्ण नोंदले गेले. चारशेवरून तिथवर दोन महिन्यांत पोहोचायचे, तर नवे रुग्ण सरासरी बारा-तेरा दिवसांनी दुप्पट व्हावे लागतात. पाचशे दिवसांचा आकडा दिलासा देणारा होता खरा, पण तो मागे पाहून काढलेला होता.

म्हणून दर नव्या रुग्णांवर काढावा, आणि तोही आठवड्याच्या बेरजेवर, कारण रविवारी चाचण्या कमी होत आणि पुढचे एक-दोन दिवस आकडा उगाच खाली येई. या आठवड्याच्या बेरजेला मागील आठवड्याच्या बेरजेने भागावे. गुणोत्तर १.५ आले, तर २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला, म्हणजे ०.६९३ ला, १.५ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने, म्हणजे ०.४०५ ने, भागून आठवड्याच्या सात दिवसांनी गुणावे. दुपटीचा कालावधी सुमारे बारा दिवस येतो. गुणोत्तर एकाहून कमी असेल, तर त्याच रीतीने निम्मे होण्याचा कालावधी मिळतो.

जिल्हावार पाहण्याचा आपला विचार योग्यच आहे. दुसऱ्या लाटेची चढण अमरावती आणि आसपासच्या विदर्भात लवकर दिसली, आणि अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदीही लागू झाली; पण राज्याच्या बेरजेत मुंबई, पुणे, ठाणे यांचा वाटा एवढा मोठा असतो की एखाद्या मध्यम जिल्ह्याची उसळी तिच्यात सहज विरघळून जाते. सर्व जिल्हे एकाच आलेखावर घ्यायचे असतील, तर उभा अक्ष लॉगॅरिदमी ठेवावा, म्हणजे शंभराचे दोनशे आणि दहा हजारांचे वीस हजार ही चढण सारखीच दिसेल.

लहान जिल्ह्यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. आठवड्याला तीन रुग्णांचे सहा झाले, तर गुणोत्तर दोन येते, पण एका कुटुंबातील तिघे बाधित झाल्यानेही तसे होऊ शकते. आठवड्याला निदान पन्नास रुग्ण असल्याखेरीज मी तरी तुलना करणार नाही. प्रत्येक गुणोत्तराशेजारी त्या आठवड्यातील चाचण्या आणि त्यांतील बाधितांचे प्रमाण लिहावे. चाचण्या दुप्पट होऊन रुग्ण दुप्पट झाले आणि प्रमाण तेवढेच राहिले, तर त्यावरून साथ वाढल्याचे म्हणता येत नाही. मृत्यूंचे आकडे घेणार असाल, तर १६ जून २०२० हा दिवस वेगळा काढावा, कारण आधी नोंदवायचे राहिलेले १,३२८ मृत्यू त्या दिवशी राज्याच्या यादीत एकदम जोडले गेले.