चामखिळीवर चुना-सोडा लावण्याआधी हे वाचा

यावलच्या भाऊंनी विचारलंय की मुलाच्या तळपायाला आणि बोटाला चामखीळ आहे, आजी चुना-सोडा लावा म्हणते, मेडिकलवाल्याने कॉर्न कॅप (पायाच्या कुरुपावर चिकटवायची औषधी चकती) दिली, आता काय करू. आमच्या घरानेही हे दुखणं बघितलंय, म्हणून जरा लांबण लावतोय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

आधी चुन्याचं बघू. खायचा ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवला की त्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. म्हणजे साबणाच्या कारखान्यात हातमोजे घालून हाताळतात ती वस्तू आपण पोराच्या बोटावर लावतो. ॲसिड लागलं तर लगेच चटका बसतो, माणूस हात झटकतो. हा क्षार गुपचूप आत उतरत राहतो, दुखायला लागेपर्यंत खाली जखम झालेली असते. "आग होतेय म्हणजे मूळ जळतंय" हे तर साफ चूक. चामखिळीला मूळ नसतंच. तो विषाणूचा आजार आहे आणि विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो. खोल जाळलं की व्रण कायमचा पडतो, आणि कडेला विषाणू उरला तर चामखीळ पुन्हा येतेच. आधीच लावून बसला असाल तर वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं धरा. लिंबू किंवा व्हिनेगर ओतून "मारायला" जाऊ नका. बिब्बा आणि रुईचा चीक यांनाही माझ्याकडून हात जोडून नमस्कार. बिब्ब्याने कातडी उतते, तो हात डोळ्याला लागला तर वेगळंच संकट.

आता कॉर्न कॅप. पायातली चप्पल काढायला न सांगता काउंटरवरून कॅप देणाऱ्या मेडिकलवाल्यांवर माझा राग आहे. कुरूप सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. वरचा थर घासल्यावर बारीक काळे ठिपके दिसले आणि कातडीच्या रेषा तिथे तुटल्या असतील, तर चामखीळच. कॅपमध्येही सॅलिसिलिक ॲसिडच असतं, पण चकती एकाच मापाची, घामाने सरकते आणि शेजारची चांगली कातडी पांढरी पडते.

त्यापेक्षा सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिडचं पातळ औषध मागा. रात्री 5 ते 10 मिनिटं पाय कोमट पाण्यात, मग मऊ झालेला पांढरा थर वजरीने हलका घासायचा. ती वजरी फक्त त्याचीच, घरातल्या दुसऱ्या कुणी टाचेला लावायची नाही. रक्त काढू नका, नाहीतर आजूबाजूला नव्या उगवतील. भोवती व्हॅसलीनचं कडं, मधे काडीच्या टोकाने एकच थेंब, सुकू द्या. हे रोज, 12 आठवड्यांपर्यंत. बहुतेक लोक पंधरवड्यात कंटाळून सोडतात आणि औषधाला नावं ठेवतात. फार लाल झालं तर दोन-तीन दिवस थांबा. औषध पेट घेणारं असतं, तेव्हा दिवा-चुलीपासून लांब. आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली उघडी राहिली की आतलं घट्ट होतं, मग थेंब पडत नाही.

केळीचं साल बांधायचं तर बांधा भो, रावेर-यावलात सालाला काय तोटा! पक्का पुरावा नाही, पण नुकसानही नाही. फक्त चिकाचा डाग चादरीवरून जात नाही. आणि काहीच केलं नाही तरी लहान पोरांच्या बऱ्याचशा चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, हे आजीलाही सांगा.

चेहरा, गुप्तांग, शुगरवाल्यांचे पाय, बधिर पाय, इथे घरचं काहीच नको. मोठ्या माणसाला नवीनच आली, रंग बदलतोय, रक्त येतंय, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ. आणि मानेवर लोंबतं ते बहुतेक चामखीळ नसतंच, त्याला घोड्याचा केस बांधू नका.

जागेवरच्या रेषा पुन्हा सलग दिसल्या की औषध बंद. 12 आठवड्यांत नाहीच गेली तर द्रव नायट्रोजनने गोठवतात, उणे 196 अंशांचा. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा जावं लागतं. तो न वापरताही टाकीतून उडून जातो, म्हणून यावलहून जळगावला निघण्याआधी फोन करून "आज आहे का" विचारा.