आवड बदलली म्हणून पुस्तकं विकू नकोस

दोन वर्षांपूर्वी रात्र रात्र जागून वाचलेल्या रहस्यकथा आता हातात धरवत नाहीत, म्हणून तू त्या पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात देऊन टाकणार म्हणतोस. थांब जरा. विशीत मी तेच केलं आणि चाळिशीत त्याच कादंबऱ्या शोधत वणवण फिरलो.

एक वही कर. काही वाचलं, पाहिलं की तारीख घालून चार ओळी लिही. काय आवडलं यापेक्षा कुठे कंटाळलास, ते आधी लिही. माझ्या जुन्या वहीत एका संथ सिनेमापुढे ‘काहीच घडत नाही’ असं लिहिलंय. वडील गेल्यावर तोच सिनेमा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात पुन्हा पाहिला. संपल्यावर खुर्चीतून उठवेना. तीच दृश्यं, तीच शांतता, पण आता मला त्या घरातली माणसं ओळखीची वाटत होती.

नाटकाचं वेगळं. पुस्तक कपाटात वाट बघतं, प्रयोग बघत नाही. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या एकांकिका भरत नाट्य मंदिरात जाऊन बघ, अगदी प्राथमिक फेरीसुद्धा. फसलेली एकांकिका बघताना आपल्याला नेमकं काय हवं होतं ते लख्ख कळतं.

आणि त्या रहस्यकथा द्यायच्याच असतील, तर आधी मला दाखव. दोन-तीन मी ठेवून घेईन.